कायदा आणि आपण : वेटिंगचे तिकीट, पाचशे रुपयांचा दंड आणि पोलीस भरती

प्रश्न : माझा वीस वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. नाशिकहून गावी येण्यासाठी त्याने मोबाइलवरून शयनयान वर्गाचे तिकीट काढले होते. ते शेवटपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिले. वेटिंगच्या तिकिटावर निदान गाडीत चढता येते, अशा समजुतीने तो आरक्षित डब्यात बसला. मनमाड सोडल्यावर तिकीट तपासनिसांनी त्याला विनातिकीट ठरवून भाडे आणि दंड मागितला, परंतु त्याच्याजवळ तेवढे पैसे नव्हते. त्यामुळे त्याला रेल्वे सुरक्षा दलाच्या ताब्यात देण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करण्यात आले. ‘हो म्हण, दंड भर आणि घरी जा,’ असे तिथे कुणीतरी सांगितले, म्हणून त्याने गुन्हा कबूल केला. पाचशे रुपये भरून मी त्याला घरी आणले. आता गावात जो तो म्हणतो, की पोराची भरती गेली. हे खरे आहे का? भरतीच्या अर्जात हे लिहावे, की लहानसा दंड म्हणून सोडून द्यावे?
— एक शेतकरी पालक, पाचोरा तालुका

उत्तर : आपल्या मुलाची भरती या एका कारणाने आपोआप गेलेली नाही. मात्र ही गोष्ट अर्जात लपवली, तर ती जाण्याची भीती खरोखरच आहे. म्हणून प्रथम एक काम करावे. ज्या न्यायालयात दंड झाला, तिथे अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत मिळवावी आणि दंड रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कोणत्या कलमाखाली झाला आहे, ते पाहावे. पुढचे सर्व काही त्या एका आकड्यावर अवलंबून आहे.

मोबाइलवरून काढलेले तिकीट आरक्षण तक्ता तयार झाल्यानंतरही पूर्णपणे प्रतीक्षा यादीत राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत जातात. त्यानंतर प्रवाशाच्या हातात जो संदेश किंवा कागद उरतो, त्याला तिकीट म्हणून काहीही किंमत राहत नाही. खिडकीवरून काढलेल्या वेटिंगच्या तिकिटाची गोष्ट वेगळी आहे. त्यावर आरक्षित डब्यात बसण्याचा हक्क मिळत नाही, परंतु साध्या डब्यातून प्रवास करता येतो. आपल्या भागातील बहुतेकांना या खिडकीच्या तिकिटाची सवय आहे आणि मुलाची गैरसमजूत बहुधा त्यातूनच झालेली आहे. ही गैरसमजूत कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो.

त्याचे कारण असे, की वैध तिकिटाशिवाय प्रवास करणाऱ्यासाठी कायद्यात दोन निरनिराळी कलमे आहेत. कलम १३८ हे वसुलीचे कलम आहे. त्याखाली प्रवास केलेल्या अंतराचे भाडे आणि त्यावर तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते जादा आकार म्हणून द्यावे लागते. भाडे १५० रुपये असेल तर एकूण ४०० रुपये होतात आणि भाडे ४०० रुपये असेल तर ८०० रुपये. प्रवासी कुठे चढला याविषयी शंका असेल, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचे भाडे लावता येते. वाटेत तिकीट तपासणी झालेली असेल, तर शेवटची तपासणी जिथे झाली तिथपासून ते मोजले जाते. या कलमासाठी प्रवाशाचा हेतू पाहिला जात नाही, आणि म्हणूनच पैसे भरून पावती घेतली म्हणजे कुणी गुन्हेगार ठरत नाही. पैसे दिले नाहीत, तर रेल्वेला दंडाधिकाऱ्यांकडे वसुलीसाठी अर्ज करता येतो. वसुलीचा आदेश होऊनही रक्कम भरली नाही, तर दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैदेचा आदेश देता येतो. तरीही तो वसुलीचाच मार्ग आहे, गुन्ह्याचा खटला नव्हे.

कलम १३७ मात्र गुन्ह्याचे आहे. रेल्वेला फसवण्याच्या हेतूने तिकिटाविना प्रवास केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विशेष कारणे नोंदवल्याशिवाय दंड पाचशे रुपयांपेक्षा कमी करता येत नाही. आपण नेमके पाचशे रुपये भरले आहेत, त्यावरून मला हेच कलम लागले असावे असे वाटते, तरी खात्री निकालाच्या प्रतीवरूनच करावी. या कलमात फसवण्याचा हेतू हा गुन्ह्याचा गाभा आहे. तिकिटासाठी पैसे भरलेले, प्रतीक्षा यादीचा संदेश मोबाइलमध्ये, आणि तो संदेश स्वतःहून तपासनिसांना दाखवलेला, एवढे तीन मुद्दे दंडाधिकाऱ्यांसमोर मांडले गेले असते, तर हेतूविषयी गंभीर प्रश्न उभा राहिला असता. ‘हो म्हण आणि सुटून जा’ हा सल्ला देणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. त्याला त्या दिवसाची कटकट मिटवायची असते. परंतु वीस वर्षांच्या मुलाला असा सल्ला देणे मला फार अन्यायाचे वाटते, कारण त्या एका ‘हो’मुळे वसुलीचे प्रकरण दोषसिद्धी होऊन बसते. ताब्यात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. तो मागण्याची आठवण त्या दिवशी कुणीतरी करून द्यायला हवी होती.

आता उपाय. गुन्हा कबूल केल्यावर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करायचे, तर ते शिक्षेच्या प्रमाणापुरते किंवा तिच्या कायदेशीरपणापुरतेच करता येते. परंतु आरोप नीट समजावून न सांगता कबुली नोंदवली गेली असेल, तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून पाहण्याची विनंती, करता येतो. त्याची मुदत निकालापासून ९० दिवस आहे, म्हणून पेरणीची कामे असली तरी हे काम मागे टाकू नये. जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन मदत मागावी. त्याच अर्जात अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभही मागता येईल. दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असलेल्या गुन्ह्यात, पूर्वी दोषी न ठरलेल्या व्यक्तीला न्यायालय शिक्षेऐवजी समज देऊन सोडू शकते, आणि असे झाल्यास कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्या व्यक्तीला लागू होत नाही. हा लाभ देणे न्यायालयाच्या विवेकावर असते, तरी मुलाचे वय आणि प्रकरणाचे स्वरूप पाहता तो मागण्यासारखा आहे.

अर्जात लिहावे का, याचे उत्तर स्पष्ट आहे : लिहावे. पुनरीक्षणाचा निकाल काहीही लागो, चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात खटला किंवा शिक्षा झाली आहे का असे विचारले असेल, तर तारीख, न्यायालय, कलम आणि दंडाची रक्कम यांसह खरी माहिती द्यावी आणि निकालाची प्रत जोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात याबाबतची तत्त्वे एकत्र मांडली आहेत. किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणाची माहिती दडवली गेली, तरी नियुक्ती करणारा अधिकारी आपल्या विवेकानुसार ती चूक माफ करू शकतो, असे त्यात म्हटले आहे. परंतु ही माफी हक्काने मागता येत नाही, आणि पोलीस दलात निवड करताना चारित्र्य अधिक काटेकोरपणे पाहिले जाते. खरे सांगितल्यावरही अधिकाऱ्याला पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा अधिकार राहतो, हे मी आपल्यापासून लपवत नाही. तरीसुद्धा रेल्वे तिकिटाचा पाचशे रुपयांचा दंड उघडपणे सांगणारा उमेदवार आणि तोच दंड लपवताना सापडलेला उमेदवार यांच्याकडे पाहण्याची दृष्टी एक नसते. मुलाला सराव थांबवू देऊ नका.

प्रश्न : मी नंदुरबारहून जळगावला रात्रीच्या गाडीने एकटी जात होते. माझे तिकीट साध्या डब्याचे होते, पण गर्दीमुळे मी शयनयान डब्यात चढले. तपासनिसांनी दंड मागितला आणि भरला नाही तर दोंडाईचाला उतरवून देईन असे सांगितले. शेजारच्या काकूंनी पैसे दिले म्हणून निभावले. असे उतरवता येते का?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : दंड मागणे योग्य होते. वरच्या वर्गात बसल्याबद्दल भाड्यातील फरक आणि जादा आकार द्यावाच लागतो, आणि पावती मिळाली नसेल तर त्याची तक्रार अवश्य करावी. रात्री दोंडाईचाला उतरवणे मात्र बेकायदेशीर ठरले असते. कलम १३९ नुसार पैसे न भरणाऱ्या प्रवाशाला उतरवता येते, परंतु सोबत पुरुष प्रवासी नसलेली स्त्री किंवा मूल असेल, तर प्रवास सुरू झालेले स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचे स्थानक, एवढ्याच ठिकाणी आणि तेही केवळ दिवसा उतरवता येते. आपल्या मार्गावर नंदुरबार आणि जळगाव ही अशी स्थानके आहेत. दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर किंवा धरणगाव इथे आपल्याला उतरवता आले नसते. शिवाय वरच्या वर्गातून बाहेर काढले, तरी ज्या वर्गाचे तिकीट आपल्याजवळ होते, त्या वर्गातून पुढचा प्रवास करण्याचा आपला हक्क कायम होता.

पुढे कधी असा प्रसंग आला, तर शांतपणे कलमाचा उल्लेख करावा आणि १३९ याच क्रमांकाच्या रेल्वे मदतवाहिनीवर गाडी क्रमांक व डबा कळवावा. गर्दीमुळे दुसऱ्या वर्गात चढावेच लागणार असेल, तर चढण्यापूर्वी तपासनीस किंवा गार्ड यांना गाठून परवानगी घ्यावी आणि तसा दाखला मागावा. कलम ५५ मध्ये त्याची तरतूद आहे, आणि तो दाखला जवळ असेल तर भाडे घेतले जाते, जादा आकार लावता येत नाही.