वही आधी उघड

अगं, रात्री दीडला पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज सकाळी चहा घेताना ऐकला. दोनदा ऐकला. "काका, मी पेशंटसाठी काहीतरी करायला न्यूयॉर्कला आले आणि या हॉस्पिटलवाल्यांनी मला बिलं थकलेल्यांची एक्सेल शीट धरायला दिली." म्हणून सोडून एनजीओत जायचं? थांब जरा.

रविवारी चौदाव्या रस्त्याला उतर आणि सेव्हन्थ ॲव्हेन्यूने खाली चालत जा. त्रिकोणी बागेच्या कोपऱ्यात पांढरा मांडव दिसेल, ते एड्सचं स्मारक. आता समोर बघ, ते महागडे फ्लॅट दिसतायत ना, तिथे सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटल होतं.

१८४९ ची गोष्ट. शहरात कॉलरा, उपासमारीतून पळून आलेले आयरिश लोक धडाधड मरतायत, आणि सिस्टर्स ऑफ चॅरिटीच्या चार नन्सनी तेराव्या रस्त्यावर भाड्याच्या घरात ३० खाटा टाकल्या. मुख्य सिस्टर अँजेला, न्यूयॉर्कच्या बिशप ह्यूजची सख्खी बहीण. पेशंटचा धर्म विचारला नाही, पण भाडं द्यायचं होतं, कोळसा आणायचा होता, दूध आणायचं होतं, मग तू काय समजतेस, त्या बाया हिशेबाची वही न उघडता घर चालवत होत्या?

पुढे १९१२ ला टायटॅनिकमधून वाचलेले लोक तिथे आणले. १९८४ ला एड्सचा वॉर्ड निघाला. कॅथलिक हॉस्पिटल आणि गे पेशंट, खटके उडालेच, पण ज्यांना घरचेही हात लावत नव्हते ती पोरं तिथे ॲडमिट व्हायची. ११ सप्टेंबर २००१ ला डॉक्टर स्ट्रेचर घेऊन रस्त्यावर उभे राहिले, आणि वाट बघितली तेवढे जखमी आलेच नाहीत.

आणि ३० एप्रिल २०१० ला बंद. कर्ज साधारण एक अब्ज डॉलर. लोक म्हणतात गरिबांना फुकट देऊन बुडालं, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. विमा नसलेले पेशंट होतेच, मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचे, दर तुटपुंजे होतेच, पण २००० साली क्वीन्स, ब्रुकलिन, स्टेटन आयलंडमधली हॉस्पिटलं एकत्र करून मोठा डोलारा उभारला, २००५ ला दिवाळखोरी, २००७ ला त्यातून बाहेर, तीन वर्षांत परत तेच. दया जास्त झाली म्हणून नाही गं, वही वेळेवर उघडली नाही म्हणून. हे माझं मत, भांडायचं तर भांड.

मला एवढं का लागतं सांगू? मी एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये होतो, नाव नको. औषधवाल्यांची तीन महिन्यांची बिलं पुढच्या वर्षात ढकलली होती, मला दिसत होतं. मीटिंगमध्ये एक ट्रस्टी म्हणाले, देव बघून घेईल, आणि मी फाईल मिटली. घराचे हप्ते चालू होते, मुलीची फी होती, आणि माझं एकट्याचं कोण ऐकणार होतं म्हणा. दोन वर्षांनी बाळंतिणींचा वॉर्ड बंद झाला, तिथे काम करणाऱ्या आयांना घरी बसवलं. ऐकलं असतं कदाचित. विचारायला तरी हवं होतं.

म्हणून तू मला "काका, हे काम माणुसकीचं नाही" असलं काही सांगू नकोस. मनापासून सेवा करणारे तिथे ढिगाने होते. वही कोण उघडत होतं?

तू हुशार आहेस, फक्त घाई करतेस, तुझ्या आईसारखी. सोमवारी तीच शीट घे आणि थकबाकीवाल्यांपैकी किती जणांना मेडिकेडचा किंवा हॉस्पिटलच्या सवलतीचा फॉर्म कोणी दिलाच नव्हता ते एकेक फाईल काढून मोज. न्यूयॉर्कमध्ये ती सवलत कायद्याने द्यावी लागते, उपकार नाहीत. आकडा निघाला की फोन कर, मेसेज नको. आणि त्या दिवशी मी आवाज चढवला होता ते आईला सांगू नकोस.