गणित नको म्हणून मानसशास्त्र घेतलं, आणि समोर संख्याशास्त्र!

विद्यापीठात मानसशास्त्र घ्यायचं ठरवलेली एक विद्यार्थिनी अभ्यासक्रमाचा कागद घेऊन समुपदेशनाला आली. ‘संख्याशास्त्र’ आणि ‘संशोधन पद्धती’ या विषयांखाली तिने लाल रेघा मारल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळेत गणितात ती कशीबशी पास व्हायची. “मॅडम, मला माणसं समजून घ्यायची आहेत, आकडे नाहीत. मला झेपेल का हे?” प्रवेशाच्या आधी हा प्रश्न घेऊन बरीच मुलं येतात.

आधी भीतीची फोड केली. गणितात नेमकं काय अडतं? त्रिकोणमिती, लांबलचक समीकरणं आणि घड्याळाकडे बघत केलेली आकडेमोड. पदवीच्या संख्याशास्त्रात यातलं फारसं काही लागत नाही. टक्केवारी, गुणोत्तर, ऋण संख्या, वर्गमूळ, सूत्रात किमती घालणं आणि आलेख वाचणं एवढं मात्र पक्कं हवं. बाकीची आकडेमोड जामोवी किंवा जेएएसपीसारखी मोफत सॉफ्टवेअर करून देतात. मुलं अडतात ती कोणती सांख्यिकी चाचणी लावायची आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, इथे.

हे नुसतं ऐकून कुणाची भीती जात नाही. म्हणून तिला मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा प्रयोग करायला दिला. १९३५ सालचा हा प्रयोग कागद, रंगीत पेनं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढ्यावर होतो. एका यादीत रंगांची २० नावं त्या-त्या रंगात लिहायची, दुसऱ्या यादीत भलत्याच रंगात. म्हणजे ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईने. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग मोठ्याने सांगायचा. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की दुसऱ्या यादीत जीभ अडखळते आणि वेळ वाढतो.

तिने आठ जणांवर प्रयोग केला. दोन याद्यांच्या वेळेतला फरक सेकंदांत असा आला: ७, ९, ६, ११, ८, ५, १०, २४. सरासरी १०. प्रयोग जमला म्हणून स्वारी खूश! पण आठातले पाच जण तर सरासरीच्या खालीच होते. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, काढला तर ८.५. एकटा २४ बाजूला ठेवला की सरासरी ८ वर येते आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ६ वरून साधारण २.२ वर घसरतं.

मग तो २४ आला कुठून? तो मित्र चुकला की ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणत होता. चुकल्यावर काय करायचं, हे सूचनेत लिहिलेलंच नव्हतं. शिवाय सगळ्यांनी सोपी यादी आधी केली होती. त्यामुळे सराव आणि थकवा दोन्ही निकालात मिसळले. निम्म्या जणांना उलट क्रम द्यायला हवा होता. “मग २४ खोडून टाकू?” तर नाही. कोणती नोंद वगळायची याचा नियम आकडे हाती येण्याआधी ठरवायचा असतो. ते राहिलं असेल तर दोन्ही निकाल कारणासकट लिहायचे. संशोधन पद्धतीच्या पेपरात शिकवतात ते मुख्यतः हेच, आणि त्यात तिला गणित कुठे आडवं आलं नाही.

पुढचा प्रश्न रास्त होता: थेरपिस्टला हे कशाला? समजा, एका मुलाचा बुद्ध्यंक दोन वर्षांपूर्वी ९७ होता, आता ९२ आला. पालक घाबरतात. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असलेल्या चाचणीची विश्वसनीयता (मोजमाप किती सातत्याने तेच येतं ते; जास्तीत जास्त १) ०.९० असेल, तर एका गुणांकातली प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजमापात सहज होणारी चूकभूल, जवळपास ५ गुणांची निघते. म्हणजे ५ गुणांच्या फरकावरून मूल मागे पडलं असं म्हणता येत नाही. हे न समजणारा तज्ज्ञ त्या मुलाच्या माथी उगाच शिक्का मारतो.

करिअरबद्दल तिच्या डोक्यात एकच चित्र होतं: दोन खुर्च्या आणि बोलणं. ती वाट आहे, पण लांबची आहे. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि त्या-त्या देशाच्या नियमांप्रमाणे नोंदणी किंवा परवाना. नुसत्या पदवीवर थेरपिस्टची पाटी लावू नये. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर वाट वैद्यकीय शिक्षणातून जाते. शालेय, क्रीडा आणि न्यायसहायक (गुन्हे व न्यायालयांशी संबंधित) मानसशास्त्र, कर्मचारी निवड व प्रशिक्षण हीही क्षेत्रं आहेत. चाचण्या तयार करणं किंवा अ‍ॅप वापरताना लोक कुठे अडतात ते तपासणं, ही कामं तर विदा (डेटा) हाताळता येणाऱ्यांचीच.

प्रवेशापर्यंत तिला दोन कामं दिली. रोज अर्धा तास टक्केवारी, आलेख आणि सरासरी-मध्यकाची उजळणी. आणि आठवड्याला एक शोधनिबंध. त्यातला फक्त ‘पद्धती’ हा भाग वाचून वहीत टिपायचं: किती लोक, ते कसे निवडले, काय मोजलं, कशाने मोजलं, तुलना कोणाशी केली. सांख्यिकी चाचण्यांची नावं सध्या सोडून द्यायची. मनोविकारांवरची रंजक पुस्तकं खुशाल वाचावीत, पण ती तयारीत धरू नयेत.

दोन विद्यापीठांत निवड करायची होती, तेव्हा माहितीपुस्तिकेतले फोटो बाजूला ठेवून तिने दोन्ही विभागांना तीन प्रश्न लिहून पाठवले: प्रात्यक्षिकाचे तास आठवड्याला किती, शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रकल्प असतो का, आणि संख्याशास्त्र हाताने शिकवता की सॉफ्टवेअरवर?