३० हजारांत हॉलमधल्या टीव्हीसाठी छोटा पीसी: नवा असेंबल करू की जुना घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर धुळ्याला, हॉलमध्ये ४३ इंची फोर-के टीव्ही, बजेट ३० हजार. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये मावेल एवढा पीसी हवा, त्यावर तुम्ही सिनेमे बघणार आणि मुलं गेम खेळणार. नवे पार्ट आणून असेंबल करावा का, असं विचारलंय.

नका करू. निदान आत्ता तरी नका. २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे चढले की ३० हजारांतला मोठा घास रॅम आणि एसएसडीच खाऊन टाकतात. त्यातून छोटं कॅबिनेट म्हटलं की मिनी-आयटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा मदरबोर्ड आला, आणि बोर्ड जितका लहान तितका महाग, असा या धंद्याचा उलटा हिशेब. त्यापेक्षा कंपन्यांतून लॉटमध्ये निघालेला जुना ऑफिस पीसी घ्या आणि त्यात पातळ ग्राफिक्स कार्ड बसवा. मी जळगावला राहतो. तीन वर्षांपूर्वी स्वतःसाठी असा एक केला, गेल्या वर्षी भुसावळच्या मेहुण्यासाठी दुसरा. पहिल्यात झालेल्या चुकांचा फायदा मेहुण्याला मिळाला, आता तुम्ही घ्या.

दुकानात ‘एसएफएफ’ (स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे छोट्या आकाराचा पीसी) म्हणून मागा. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर, तिघांतही हा आकार मिळतो. साधारण फूटभर लांब-रुंद आणि नऊ-दहा सेंटीमीटर जाड डबा, शोकेसमध्ये आडवा झोपवता येतो. याहून लहान, वहीएवढे एक लिटरवाले ‘टायनी’ आणि ‘मायक्रो’ही मिळतात. नुसते सिनेमे बघायचे असते तर मी तेच सांगितलं असतं, पण त्यांच्यात साधारणपणे ग्राफिक्स कार्डाला जागाच नसते. मुलं महिनाभरात तुमच्या नावानं खडे फोडतील.

प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली घेऊ नका. दुकानदार सहाव्या पिढीचा निम्म्या किमतीत दाखवेल, मन डगमगेल. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच पुढे बसतं. व्हॅलोरंटसारखा गेम तर विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) असल्याशिवाय सुरूच होत नाही. सिनेमाची अडचण वेगळी. सहाव्या पिढीच्या चिपमध्ये दहा-बिट एचईव्हीसी (फोर-के सिनेमे ज्यात दाबून भरतात तो व्हिडिओ प्रकार) उलगडायची सोय हार्डवेअरमध्ये नाही. फोर-के एचडीआर फाइल लावली की आवाज पुढे आणि चित्र मागे. सातव्या पिढीपासून ती सोय आली. मेहुण्यासाठी घेतला तो आय५-८५०० वाला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीसकट साडेचौदा हजारांना पडला. आज रॅममुळे थोडे जास्त सांगतील. रॅम मात्र ८-८ च्या दोन पट्ट्या आहेत ना, हे झाकण उघडून बघा. १६ ची एकच पट्टी असली तर मेमरी एकाच वाटेनं चालते आणि गेममध्ये ते जाणवतं.

आता कार्ड. इथेच मी तोंडघशी पडलो होतो. ‘जीटी १०३०’ स्वस्तात मिळालं म्हणून ऑनलाइन एकाकडून मागवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात १०३०, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात डीडीआर४. या एकाच नावाची दोन कार्डं आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जीडीडीआर५ वाल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी वाहते, डीडीआर४ वाल्याची जेमतेम १७. गेम लावला तर गाडी रस्त्यावरून धावण्याऐवजी चिखलातून निघाल्यासारखी. वर त्याची मागची, डब्याला स्क्रूनं बसणारी पत्र्याची पट्टी पूर्ण उंचीची, आपला डबा अर्ध्या उंचीचा! पंधरा दिवस कार्ड पट्टीशिवाय नुसतं स्लॉटमध्ये उभं होतं आणि एचडीएमआयची वायर ओढली गेली की टीव्ही काळा.

त्यामुळे कार्ड घेण्याआधी डबा उघडून फूटपट्टीनं मोजा. ऑफिस पीसीचा पॉवर सप्लाय बहुतेक १८० ते २६० वॅटचा असतो, कार्डाला वेगळी वायर त्यातून निघत नाही, आणि त्याचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असल्यानं बाजारातला मोठा सप्लाय लागत नाही. म्हणजे कार्डानं स्लॉटमधून मिळेल त्या विजेवर भागवायचं. नियमाप्रमाणे स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, पण काही ऑफिस मशीनमध्ये त्याहून कमी मर्यादा घातलेली असते, मॉडेलचं मॅन्युअल एकदा चाळा. शिवाय अर्ध्या उंचीची जीटीएक्स १६५० (हे गेमसाठीचं कार्ड) बहुतेक दोन स्लॉट जाड येते, आणि काही डब्यांत सप्लाय इतका चिकटून असतो की ती शिरत नाही.

मेहुण्याच्या डब्यात मी एन्व्हिडियाचं टी६०० बसवलं. हे खरं तर कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंगचं काम करणाऱ्यांचं कार्ड. इंजिनिअरिंगच्या ऑफिसांतून सुटं निघतं, आणि गेमवाल्या पोरांचं त्याकडे लक्ष नसल्यानं भाव बरा असतो. ४० वॅट, ४ जीबी मेमरी, एकाच स्लॉटच्या जाडीचं, अर्ध्या उंचीचं. मला सात हजारांत मिळालं. याचाच मोठा भाऊ टी१०००, ५० वॅटचा. त्यात जीटीएक्स १६५० इतकेच ८९६ कोअर आहेत. दोन्हींना मागे मिनी डिस्प्लेपोर्ट असतं, एचडीएमआय नसतं, तेव्हा कन्व्हर्टर धरून चाला. नवंच हवं असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, २०२४ मध्ये आलेलं ७० वॅटचं कार्ड अर्ध्या उंचीतही मिळतं, पण तेवढ्यानं तुमचं बजेट फुटेल. आरएक्स ६४०० कार्ड कुणी गळ्यात मारत असेल तर एवढं लक्षात ठेवा की ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. आठव्या पिढीच्या बोर्डवर स्लॉट जुन्या, हळू पिढीचा (पीसीआय एक्सप्रेस ३.०) असल्यानं तिथं ते अर्ध्या वाटेवर दमतं.

मुलांना आधीच सांगून ठेवा: बीजीएमआय अधिकृतपणे मोबाइलसाठीच आहे, या डब्यावर ते येणार नाही. आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला होता. जीटीए ५, क्रिकेट, फुटबॉल, रेसिंग हे सगळं १०८० (फुल एचडी) वर मध्यम सेटिंगला नीट चालतं. फोर-केचा मोह धरू नका. फोर-केमध्ये १०८० च्या बरोबर चौपट ठिपके असतात. गेम १०८० वर ठेवा, बाकीचं टीव्ही भरून घेतो, आणि सोफ्यावरून कुणाला फरक कळत नाही.

एवढं वाचून पुण्या-मुंबईचा माणूस बाजारात जाईल. आपल्याला अजून एक गोष्ट बघायची असते, ती म्हणजे मे महिना. रिव्ह्यूतलं तापमान बहुतेक एसीच्या खोलीत मोजलेलं असतं. पंखा आणि हीटसिंक (चिपवरची, उष्णता ओढणारी धातूची पाती) काही केल्या चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत, खोलीच्या वर किती अंश राहायचं एवढंच त्यांच्या हातात. २४ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारी चिप आपल्या ४० अंशांच्या हॉलमध्ये ८६ च्या आसपास जाणार, आणि शोकेसचं दार लावलेलं असेल तर आतली हवा ४० वर थोडीच थांबते? आय५-८५०० ची सीमा १०० अंश, तिथे पोचली की ती आपला वेग स्वतःच कमी करते.

पहिल्या वर्षी मी डबा शोकेसच्या सरकत्या काचेमागे ठेवला होता, छान दिसत होता. अमळनेरहून काका आले, वाकून बघितलं आणि विचारलं, “हाऊ डबा कितलाले लिधा रे भो?” मी आकडा सांगितला. मुलानं गेम लावला, वीस मिनिटांनी आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज, आणि पडद्यावर झटके. काकांनी काच सरकवली, आत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुताराकडून मागच्या प्लायला ताटलीएवढं भोक पाडून घेतलं आणि पुढची काच काढून माळ्यावर टाकली. तेवढ्या बदलानं चिप अकरा-बारा अंश खाली आली. जुन्या मशीनमधली थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकच्या मधला लेप) बहुतेक वाळून खडू झालेली असते, ती खरडून नवी लावा. दीडशे-दोनशेची ट्यूब पुरते.

कूलरचा झोत डब्यावर येऊ देऊ नका. हवा गार लागते म्हणून मोह होतो, पण ती ओली असते, आणि आपल्याकडच्या जड पाण्यानं कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर चढतो तो तुम्ही बघितलाच असेल. कूलर चालू म्हणजे खिडकी उघडी, आणि खिडकी उघडी म्हणजे धूळ. माझ्या घरापासून जिनिंग फार लांब नाही. कापसाचा हंगाम उरकल्यावर पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा हीटसिंकच्या पात्यांवर करड्या रंगाची घडी बसली होती, गोधडीच्या फाटक्या कोपऱ्यातून डोकावते तशी. चिमटीत धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. आता वर्षातून दोनदा उघडतो, होळीच्या आसपास आणि दिवाळीच्या साफसफाईत. पंक्चरवाल्याकडची हवा मारू नका, त्या टाकीत पाणी आणि तेल असतं. साधा हँड ब्लोअर किंवा रंगाचा कोरडा ब्रश घ्या, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

टीव्हीला जोडताना दोन गोष्टींत लोक अडकतात. आठव्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सचं साधं एचडीएमआय बहुतेक मशीनवर फोर-केला ३० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं देतं. माउस हलवला की रबरानं ओढल्यासारखा मागून येतो. म्हणून कार्डाच्या किंवा बोर्डाच्या डिस्प्लेपोर्टमधून ‘ॲक्टिव्ह’ कन्व्हर्टर लावून न्या, त्यावर फोर-के ६० हर्ट्झ लिहिलेलं हवं. दुसरं, स्क्रीनची कड कापली गेली, टास्कबार अर्धी दिसली, तर पीसीत काही बिघडलेलं नसतं. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ शोधा. तिथेच गेम मोड चालू करा. तो नसला की बटण दाबल्यावर खेळाडू क्षणभर विचार करून उडी मारतो.

ओटीटी टीव्हीच्याच ॲपवर बघा. पीसीच्या ब्राउझरमध्ये फोर-के मिळवायला नाना अटी असतात, त्या पुऱ्या करण्यात रविवार जातो. पीसीचा खरा उपयोग आपल्या हार्ड डिस्कवरच्या सिनेमांना, आणि त्यासाठी ‘कोडी’ नावाचं सिनेमे लावायचं सॉफ्टवेअर टाका. २०१४ पर्यंत याचं नाव एक्सबीएमसी होतं. नवं नाव आपल्या भाषेत फिट्ट बसलंय, कारण पहिले दोन दिवस खरंच कोडी सोडवत बसावं लागतं. वायरलेस किबोर्डचा डोंगल निळ्या यूएसबी ३ मध्ये लावू नका, त्याच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला त्रास देतात आणि अक्षरं गळतात. काळ्या यूएसबी २ मध्ये, शक्य तर पुढच्या बाजूला लावा. वाय-फाय या मशीनमध्ये बरेचदा नसतं. राउटर हॉलमध्येच असेल तर सरळ लॅनची वायर टाका.

वीज गेली की पीसी रीस्टार्ट होतो, अशी मेहुण्याची तक्रार होती, घरात इन्व्हर्टर असूनही. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते यूपीएसवर ठेवलं की बदल इतका पटकन होतो की पीसीला पत्ता लागत नाही. भार विचाराल तर सिनेमाला ३०-४० वॅट, गेमला शंभरच्या आसपास, टीव्ही वेगळा. तेवढं इन्व्हर्टर सहज ओढतो.

हिशेब: मशीन साधारण सोळा, कार्ड सात-आठ, कन्व्हर्टर, पेस्ट आणि टचपॅडवाला किबोर्ड मिळून अडीच, गेमपॅड दीड-दोन. तीसच्या काठावर, पण आत. तुम्हाला धुळ्यातच मिळालं तर उत्तम, नाहीतर जळगावच्या गोलाणी मार्केटात चौकशी करा, किंवा रात्रीच्या गाडीनं मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठा. जाताना फूटपट्टी आणि लिनक्स टाकलेला पेनड्राइव्ह बरोबर ठेवा. दुकानातच पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, रॅमच्या पट्ट्या आणि एसएसडीचे चाललेले तास बघा, सगळे यूएसबी एकेक करून तपासा. आणि बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा. कंपनीतून निघालेल्या मशीनवर तो बरेचदा राहून गेलेला असतो, आणि मग सिक्युअर बूटचं सेटिंग तुमच्या हातात राहत नाही.