ओसीडीसाठी ईआरपी थेरपी सुरू करतोयस ना, मग हे वाच

अरे पहिलं म्हणजे ओसीडी हा मानसिक आजार आहे, टापटिपीची आवड नव्हे, लोक म्हणतात ते सोडून दे. नको तो विचार येतो, पोटात गोळा येतो, मग तू हात धुतोस किंवा कुलूप परत बघतोस आणि जरा बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच खरं दुखणं आहे कारण मेंदू शिकतो की बघितलं म्हणून वाचलो. ईआरपीत (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) हीच साखळी तोडायची, भीती मुद्दाम ओढवून घ्यायची आणि नंतरचा विधी, म्हणजे ते धुणं-बघणं, करायचा नाही. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे मांडलं, म्हणजे कालपरवाचं फॅड नाहीये.

माझं कुलपाचं होतं. थेरपिस्टबरोबर भीती वाटणाऱ्या गोष्टींची यादी केली, प्रत्येकीला किती भीती वाटते त्याचे ० ते १०० मार्क देऊन, सुरुवात ३०-४० वाल्यापासून. कुलूप एकदाच लावायचं, न ओढता, वळून न बघता जिना उतरायचा. पहिल्या दिवशी कठडा धरून घामाघूम उभा होतो, पण वर गेलो नाही. चोरवाट मात्र महिनाभर चालू होती, बायकोला विचारायचो "लागलंय ना गं?" तेही चेकिंगच! मनात आठवून खात्री करणंही त्यातच धर. "लागलं असेल, नसेलही" इथेच थांबायचं.

गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नकोस, एसएसआरआय प्रकारच्या गोळ्यांना ओसीडीत गुण यायला बऱ्याचदा ८ ते १२ आठवडे लागतात. आणि पहिल्याच आठवड्यात ९० वाल्याला हात घालू नकोस रे, मी घातला आणि पंधरा दिवस सेशनलाच फिरकलो नाही.