ग्रुपवरची उत्तरे जपावीत कशी?

प्रश्न : नाशिकमधील आम्ही काही प्रोग्रॅमर टेलिग्रामवरील एका लहान ग्रुपमध्ये एकमेकांच्या अडचणी सोडवतो, अधूनमधून रविवारी कॉलेज रोडवर भेटतोही. तेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात आणि जुनी उत्तरे वेळेवर सापडत नाहीत. सगळे संभाषण उतरवून ठेवावे काय?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : खबरदारी म्हणून संभाषणाची एक प्रत जरूर काढून ठेवावी, परंतु तिला संग्रह मानू नये, कारण शुभेच्छा आणि थट्टामस्करीच्या गर्दीतून कामाची ओळ शोधण्याइतका वेळ कोणापाशी नसतो. तडीस गेलेला प्रश्न तेवढा निवडावा. त्याची नोंद प्रश्न विचारणाऱ्यानेच लिहावी आणि उत्तर देणाऱ्याने ती तपासावी, कारण आपण नेमके कोठे अडलो होतो हे अडलेल्यालाच ठाऊक असते. शीर्षकात एरर मेसेज जसाच्या तसा द्यावा. पुढचा माणूस तोच शोधणार आहे.

प्रत्येक नोंदीवर तारीख आणि आवृत्ती हवीच. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, म्हणजे पायथॉन २ चा, अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि त्यातील कंसाविना लिहिलेले प्रिंट (पडद्यावर मजकूर दाखवणारे) विधान पायथॉन ३ मध्ये चालत नाही. आवृत्तीचा उल्लेख नसलेले असे जुने उत्तर नवशिक्याला हमखास गोंधळात टाकते. रविवारच्या भेटीत अशा थोड्या नोंदी चाळून कालबाह्य झालेल्यांवर तसा शेरा मारावा. त्या पुसू मात्र नयेत, कारण जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्यांना त्या लागतात.

साधनाचा फार विचार करू नये. मार्कडाउनमधील (साध्या खुणांनी मजकूर मांडण्याच्या पद्धतीतील) साध्या फाइली गिटच्या, म्हणजे फाइलींतील बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीच्या, रिपॉझिटरीत (साठ्यात) ठेवल्या की पुरे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये घडवलेल्या या प्रणालीत क्लोन करणाऱ्या (साठ्याची प्रत उतरवून घेणाऱ्या) प्रत्येकाकडे सहसा पूर्ण इतिहास उतरतो. गूगल कोडसारखी कोड साठवण्याची मोठ्या कंपनीची सेवासुद्धा २०१६ मध्ये बंद झाली. तेव्हा दोन-तीन सदस्यांनी आपापल्या संगणकावरील क्लोन नियमित अद्ययावत ठेवावा.

संग्रह सर्वांसाठी खुला करणार असाल, तर लिहिणाऱ्यांची संमती घ्यावी आणि परवाना (इतरांनी मजकूर कसा वापरावा याची अट) आरंभीच ठरवावा. कार्यालयातील कोड तर घेऊच नये. एखादी एपीआय की (दुसऱ्या सेवेशी प्रोग्रॅम जोडण्याची गुप्त किल्ली) चुकून नोंदीत गेलीच, तर ती ओळ खोडून भागत नाही, कारण गिटच्या इतिहासात ती शिल्लक राहते. ती की ताबडतोब रद्द करून नवी घ्यावी.