सवड मिळाली की बघू, असं म्हणू नकोस

प्रभूमध्ये प्रिय,

सप्रेम सलाम. तुझं पत्र सावकाश वाचलं. आपला विश्वास खरा आहे की नुसता सवयीचा, आणि न्यायाच्या दिवशी आपण उभे राहू शकू का, या विचारानं झोप उडाली आहे असं तू लिहिलंयस. हे इतक्या मनापासून विचारलंस याचा मला आनंदच आहे. ज्याला आता काहीच वाटेनासं झालंय, त्याची मला जास्त काळजी वाटते.

तो दिवस कधी येणार याचे आडाखे बांधणारी भाषणं ऐकणं मात्र बंद कर. त्या दिवसाची आणि घटकेची खबर पित्यावाचून कोणालाच नाही, असं येशूनं स्वच्छ सांगून ठेवलंय (मत्तय २४:३६). त्याच्यावर आणखी काय बोलायचं?

त्यापेक्षा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा आणि पंचविसावा अध्याय एका बैठकीत वाच. सातव्यात काही जण ‘प्रभू, प्रभू’ करत पुढे येतात. तुझ्या नावानं संदेश दिले, भुतं काढली, मोठमोठी कामं केली, अशी त्यांची यादी तयार असते. ती यादी खोटी आहे असं येशू म्हणतच नाही. मला तुमची कधी ओळखच नव्हती, एवढंच तो म्हणतो. पंचविसाव्यात नेमकं उलटं घडतं. न्यायाच्या वेळी आपल्या उजवीकडे उभ्या केलेल्यांना राजा सांगतो, मी भुकेला होतो, तुम्ही जेवू घातलंत; तुरुंगात होतो, भेटायला आलात. आणि ते गोंधळून विचारतात, प्रभू, हे कधी झालं? त्यांना आठवतसुद्धा नाही. इथे मी दर वेळी थांबतो. ज्यांनी आपल्या कामांचा हिशेब ठेवला ते बाहेर राहिले आणि ज्यांच्या गावीही नव्हतं ते आत गेले. तारण कृपेनंच मिळतं, कामं दाखवून नाही, याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस. पण कृपा झालेला माणूस आपला विश्वास किती वाढला हे मोजत बसत नाही. त्याचं लक्ष प्रभूकडे असतं, आणि म्हणूनच दारात उभा असलेला माणूस त्याला दिसतो. देव एक आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोबानं लिहिलंय.

त्याच पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारींचा दाखला आहे. दहाही जणींकडे दिवे होते, दहाही जणी वराची वाट पाहत होत्या, आणि झोपही दहाही जणींना लागली. मध्यरात्री हाक येईपर्यंत शहाण्या कोण आणि मूर्ख कोण हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. मूर्ख कुमारींनी मात्र दिव्यासाठी जादा तेल आणलं नव्हतं, आणि ऐन वेळी ते उसनं मिळालं नाही. तुझ्या आईची प्रार्थना मोठी आहे, मी ती जाणतो. तरी तिच्या विश्वासावर तुझा निभाव लागणार नाही.

आता भीतीविषयी. न्यायासनावर कोण बसणार आहे ते नीट बघ. पित्यानं न्याय करण्याचं सगळं काम पुत्राकडे सोपवलंय (योहान ५:२२). ज्यानं आपल्यासाठी हातांत खिळे ठोकून घेतले, तोच न्यायाधीश. शेजारच्या वधस्तंभावरच्या अपराध्याला बाप्तिस्मा घ्यायला, सेवा करायला, चुकलेलं निस्तरायला क्षणाचीही सवड उरली नव्हती. माझी आठवण ठेव, इतकंच तो म्हणाला, आणि आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, असं वचन त्याला मिळालं. तेव्हा भिऊन पळू नकोस, त्याच्याकडेच जा.

मात्र त्या अपराध्याकडे वेळ नव्हता. तुझ्याकडे आहे, आणि मला धास्ती वाटते ती याचीच. प्रेषितांच्या कृत्यांतला चोविसावा अध्याय काढ. सुभेदार फेलिक्ससमोर कैदी पौल नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय यांविषयी बोलत होता. फेलिक्स घाबरला. म्हणजे वचन आत पोचलं होतं! पण तो म्हणाला, आता जा, सवड झाली की बोलावीन. आणि बोलावलंही, वारंवार बोलावलं. पौलाकडून पैसे मिळतील ही आशा त्याला होती. अशी दोन वर्षं गेली, जागेवर दुसरा सुभेदार आला आणि फेलिक्स पौलाला कैदेतच सोडून गेला. दोन वर्षं साक्षात पौलाच्या तोंडून ऐकूनही तो पुढे सरकल्याचं वचनात कुठेही दिसत नाही. भीती वाटणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे.

जकातदार जक्कयाचं बघ. घरी आलेल्या येशूसमोर तो उभा राहिला आणि त्यानं आकडे सांगितले: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडलं असेल त्याला चौपट परत. लेवीय सहाव्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे लुबाडलेलं परत करताना वर पाचवा हिस्सा घालायचा असे. जक्कय तेवढ्यावर थांबला नाही. आज या घराला तारण प्राप्त झालं आहे, असं येशू त्यानंतर म्हणाला.

हे सगळं लिहायचं कारण तुझ्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी. पत्रभर विश्वासाची चिकित्सा केलीस आणि तळाशी घाईघाईनं लिहिलंस की भावाच्या वाट्याचे पैसे तुझ्याकडेच राहिलेत आणि तुमचं बोलणं बंद आहे. माझ्या मते तुझी झोप तिथे अडकली आहे. वेदीजवळ अर्पण ठेवताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय. म्हणून पुढच्या प्रभुभोजनाच्या आत भावाकडे जा. फोनवर भागवू नकोस. पैसे पूर्ण दे, आणि इतके दिवस का दिले नाहीत याची कारणं सांगत बसू नकोस. माझं चुकलं, एवढंच म्हण. तो रागावला तर ऐकून घे. त्यानं दार लावून घेतलं तरी पैसे त्याच्यापर्यंत पोचव. जाऊन आलास की मला लिही. तोवर मी तुम्हा दोघांचीही नावं घेऊन प्रार्थना करतो आहे.

प्रभूमध्ये तुझा,
काका