‘अनैतिहासिक’ लिहिलं तर बिघडलं कुठे?

तुमचं वाक्य असं होतं: ‘कृष्णाकाठचा शेतकरी मुळातच सधन, ही समजूत अनैतिहासिक आहे.’ इंग्रजीतला ‘अहिस्टॉरिकल’ तुम्ही असा मराठीत आणलात आणि तपासणाऱ्याने त्यावर लाल रेघ ओढली. चूक काय, असं विचारलंय.

व्याकरणाची चूक नाही. पुढे स्वर आहे म्हणून ‘अ’चा ‘अन्’ झाला, एवढंच. (घाईत वाचणारा त्याचं ‘अनैतिक’ करतो, ते सोडा.) घोळ आहे तो मूळ ‘ऐतिहासिक’मध्ये. आपण ऐतिहासिक कागदपत्रंही म्हणतो आणि ऐतिहासिक विजयही म्हणतो. एकात गोष्ट इतिहासातली आहे, दुसऱ्यात ती इतिहासात नोंदवावी एवढी मोठी. मग त्याला नकार जोडला की नक्की कशाला नकार दिला ते कळत नाही. मराठी वाचक बहुधा ‘इतिहासात न घडलेलं, कल्पित’ असं समजतो. कादंबरीतला एखादा किल्लेदार लेखकाने मनाने घातलेला असेल, तर ते पात्र अनैतिहासिक. तिथे शब्द चपखल बसतो.

तुम्हाला ते म्हणायचं नव्हतं. कृष्णाकाठी सधन शेतकरी आहेतच, डोळ्यांना दिसतात. तुमचा आक्षेप ‘मुळातच’ला आहे. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा इंग्रजांच्या काळातला, सहकारी साखर कारखाने स्वातंत्र्यानंतरचे, कोयना धरण 1960च्या दशकातलं. हे सगळं गाळायचं आणि सधनता जणू काळ्या मातीतून आपोआप उगवली असं बोलायचं. उलट बाजूने माण-खटाव, आटपाडी, जतला ‘कायमचे दुष्काळी’ म्हणून टाकायचं, ही त्याच समजुतीची जुळी बहीण. अशा बोलण्यात एकही तपशील खोटा नसतो, फक्त काळ काढून घेतलेला असतो. म्हणून ते पकडायला अवघड.

काहीजण इथे ‘कालविपर्यास’ सुचवतील. तो वेगळा दोष. ‘1943 साली सांगली जिल्ह्यात पत्रीसरकार होतं’ हे वाक्य भाषणांत सर्रास ऐकू येतं. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता! आजचे वाळवा, तासगाव सातारा जिल्ह्यात होते, कुंडल औंध संस्थानात, आणि सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. 1949 साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. इथे इतिहास डावललेला नाही, आजचं नाव कालच्या गोष्टीला चिकटवलंय. आम्ही सातारकर शिवाजी महाराजांनी अजिंक्यतारा घेतला म्हणतो तेही तसलंच. ते नाव ताराबाईंच्या काळातलं. पण त्यावरून कुणाशी भांडू नये, ऐकणाऱ्याला किल्ला कोणता ते कळतं.

राहिला ‘इतिहासनिरपेक्ष’. अभ्यासकांना हा आवडतो, मलाही आवडतो, पण त्यात ठपका नाही. कराडकडचा माणूस आज ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ कुठे कसं वापरतो हे त्या शब्दांची कुळी न काढताही तपासता येतं. तो अभ्यास इतिहासनिरपेक्ष, आणि त्यात वावगं काही नाही. शिवाय ‘निरपेक्ष’ला आपल्याकडे ‘निरपेक्ष सेवा’वाला चांगुलपणाचा वास आहे. तुम्हाला तर दोष दाखवायचाय. ‘इतिहासविरोधी’ मात्र नको. त्यात वैर येतं, आणि इथे वैर नाही, विसर आहे.

मी असतो तर विशेषणाचा नाद सोडून क्रियापदाकडे गेलो असतो: ‘कृष्णाकाठचा शेतकरी मुळातच सधन, ही समजूत इतिहास डावलून केलेली आहे.’ शीर्षकात एकच शब्द हवा असेल तर ‘इतिहासनिरपेक्ष’ ठेवा, पण पहिल्याच परिच्छेदात कालव्याचं आणि कारखान्यांचं साल घाला. त्याशिवाय वाचकाला तुमची तक्रार कळायची नाही.